बॅरेज बलूनची उपयुक्तता कशी तपासावी: बडोद्याच्या नकाशावर एक अभ्यास

बॅरेज बलूनने किती विमाने पाडली, या प्रश्नापासून अभ्यासाला सुरुवात केली तर निष्कर्ष हमखास चुकतो. विमाने पाडण्याचे काम तोफांचे आणि लढाऊ विमानांचे होते. पोलादी तारेला बांधलेला हा फुगा आकाशाचा खालचा थर शत्रूला बंद करण्यासाठी होता. त्यामुळे हल्लेखोराला काय सोडून द्यावे लागले हे आधी पाहावे आणि पडलेल्या विमानांची संख्या नंतर मोजावी. नागरी संरक्षणाचा किंवा युद्धेतिहासाचा अभ्यास करणाऱ्या, अथवा महाविद्यालयात प्रकल्पासाठी हा विषय घेतलेल्या बडोदेकर वाचकाला कागद, कंपास, गणकयंत्र आणि शहराचा नकाशा एवढ्या साहित्यावर करता येईल अशी पद्धत येथे दिली आहे. दुसऱ्या महायुद्धात बडोद्यावर बॉम्ब पडले नाहीत, तेव्हा पुढची मांडणी सरावासाठी आहे. आकडे आणि अनुभव मात्र जेथे ही साधने खरोखर वापरली गेली तेथलेच आहेत.

साधन आधी नीट समजून घ्यावे

ब्रिटिश हवाई दलाने १ नोव्हेंबर १९३८ रोजी बलून कमांड ही स्वतंत्र शाखा उभारली, आणि १९४० च्या मध्यापर्यंत तिच्याकडे सुमारे १,४०० बलून होते, त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश एकट्या लंडनवर. नेहमीच्या वापरातला बलून सुमारे ६२ फूट लांब आणि २५ फूट व्यासाचा असे. रबराचा थर दिलेल्या सुती कापडाच्या या पिशवीत १९ ते २० हजार घनफूट हायड्रोजन मावत असे, आणि शेपटाकडे वाऱ्याने फुगणारे तीन पंख असल्यामुळे तिचे तोंड नेहमी वाऱ्याकडे राहत असे. खाली लॉरीवर बसवलेले विंच तार सोडे आणि ओढून घेई. नेहमीची उंची ५,००० फूट, म्हणजे सुमारे १,५०० मीटर, होती.

येथे एक गोष्ट विसरली जाते. बलून वर गेला की बाहेरचा दाब कमी होऊन आतला वायू फुगतो, आणि १,५०० मीटरपर्यंत ही वाढ साधारण सहाव्या-सातव्या भागाइतकी होते. म्हणून पिशवीच्या खालच्या भागात हवेचा वेगळा कप्पा ठेवून वायूला पसरण्यास जागा करून दिलेली असे. तार आपल्याला दिसते, पण ही सोय नसेल तर बलून त्या उंचीला टिकणारच नाही.

बडोद्याच्या हवामानात याचा हिशेब लगेच बदलतो. ५ अंश तापमानाला एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१८ किलो वजन उचलतो, तर मे महिन्यातल्या ४० अंशांना फक्त १.०५ किलो. म्हणजे ५५० घनमीटरच्या बलूनची एकूण उचलशक्ती सुमारे ६५० किलोंवरून ५८० किलोंवर येते, आणि यातूनच कापड, दोरखंड व दीड किलोमीटर तार यांचे वजन वजा करायचे असते. इंग्लंडमधील उंची जशीच्या तशी येथे गृहीत धरू नये; आपल्या कागदावर उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी वेगळी ओळ ठेवावी.

लक्ष्य निवडून वर्तुळ काढावे

संपूर्ण शहर लक्ष्य म्हणून घेऊ नये. बलून हे बिंदूचे किंवा अरुंद पट्ट्याचे संरक्षण आहे: पूल, धक्का, कारखाना, रेल्वेचे यार्ड. ऑक्टोबर १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील फोर्थच्या खाडीत जर्मन विमाने आल्यानंतर तेथील रेल्वेपुलाच्या परिसरात बलून लावण्यात आले, हे या तर्काचे चांगले उदाहरण आहे, कारण पुलासारख्या निमुळत्या वस्तूवर नेम साधायचा तर वैमानिकाला खाली यावेच लागते. आपल्या देशात महायुद्धाच्या काळात कलकत्त्याच्या आकाशातही बॅरेज बलून दिसत असत.

सरावासाठी १९४२ सालचे बडोदे जंक्शन घ्यावे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा मार्ग आणि गोध्रा-रतलामकडे फुटणारा फाटा येथे एकत्र येतात, त्यामुळे लक्ष्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. स्थानकाला केंद्र धरून नकाशावर दीड किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७.०७ चौरस किलोमीटर भरते. आता त्यात मोकळ्या जागा शोधाव्यात: कामाटीबागेतील हिरवळी, कॉलेजचे मैदान, रेल्वेची पडीक जमीन. १९ मीटर लांबीचा बलून जमिनीवर उतरवून चहूबाजूंनी दोरांनी जखडता यावा, लॉरी फिरावी आणि वायूच्या नळकांड्यांची गाडी आत यावी, एवढी जागा प्रत्येक ठिकाणी लागते. दाट झाडी असलेली जागा लगेच खोडावी. कॉलेजच्या घुमटाजवळची जागाही खोडावी, कारण वारा फिरला की तार कोठे घासेल हे सांगता येत नाही. बलून थेट लक्ष्याच्या डोक्यावर दाटीने लावण्याचा मोह होतो. त्याऐवजी ते वर्तुळभर विखरावेत, म्हणजे विमान कोणत्याही दिशेने आले तरी त्याची वाट सारखीच अवघड राहते.

तारेची शक्यता मोजावी

समजा, वर्तुळात २० जागा मिळाल्या. म्हणजे दर चौरस किलोमीटरला २.८३ तारा. विमान वर्तुळाच्या मधोमध गेले तर ते ३ किलोमीटर अंतर कापते, आणि जाताना आपल्या पंखांच्या रुंदीएवढा पट्टा झाडून नेते. त्या पट्ट्यात सरासरी किती तारा येतील हे काढण्यासाठी तारांची घनता, पंखांची रुंदी आणि मार्गाची लांबी यांचा गुणाकार करावा; रुंदी किलोमीटरमध्ये घ्यावी, येथे बहुतेकांची दशांशचिन्हाची चूक होते. हाइन्केल १११ या जर्मन बॉम्बफेकी विमानाच्या पंखांची रुंदी २२.६ मीटर होती. गुणाकार ०.१९ येतो, म्हणजे एका फेरीत तारेला धडकण्याची शक्यता साधारण सहात एक. मेसरश्मिट १०९ सुमारे १० मीटर रुंदीचे. त्याच्यासाठी उत्तर ०.०८.

सहात एक हा आकडा पाहून विद्यार्थी निराश होतात, आणि तेथेच थांबून ‘बलून निरुपयोगी’ असे लिहून मोकळे होतात. पण आकडा वैमानिकाच्या जागी बसून वाचावा. पहाटेच्या धुक्यात किंवा रात्री तार दिसत नाही. बलून ढगात असेल तर तोही दिसत नाही. दर सहा फेऱ्यांत एकदा पंख तुटण्याची शक्यता असलेल्या वाटेने कोणताही विमानदळप्रमुख आपली तुकडी रोज पाठवणार नाही. पुढे ब्रिटिशांनी तारेच्या दोन्ही टोकांजवळ स्फोटक कातर आणि छोटी हवाई छत्री बसवली: विमान धडकले की तार वर आणि खाली तुटे, मधला तुकडा पंखाला अडकून राही, आणि दोन्ही छत्र्या उघडून विमानाचा वेग इतका ओढून धरत की ते हवेत टिकत नसे. नुसत्या तारेपेक्षा ही रचना कितीतरी घातक होती, त्यामुळे आपल्या तक्त्यात ‘धडक’ आणि ‘पतन’ हे दोन वेगळे रकाने असावेत.

उंची वाढली की नेम किती बिघडतो

माझ्या मते सगळ्या अभ्यासाचे वजन या पायरीवर आहे, म्हणून येथे घाई करू नये. हवेचा विरोध सोडून दिला तर १०० मीटर उंचीवरून टाकलेला बॉम्ब साडेचार सेकंदांत जमिनीवर येतो, ५०० मीटरवरून सुमारे १० सेकंदांत, १,५०० मीटरवरून साडेसतरा सेकंदांत आणि ३,००० मीटरवरून जवळजवळ २५ सेकंदांत. विमानाचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर बॉम्ब सोडण्याची जागा लक्ष्यापासून अनुक्रमे ४५० मीटर, १ किलोमीटर, पावणेदोन किलोमीटर आणि अडीच किलोमीटर अलीकडे येते. आता जमिनीवरील वेगाच्या अंदाजात सेकंदाला केवळ ५ मीटरची चूक झाली असे माना. १०० मीटरवरून ती चूक जमिनीवर २३ मीटरची होते, ५०० मीटरवरून ५० मीटरची, १,५०० मीटरवरून ८७ मीटरची आणि ३,००० मीटरवरून १२० मीटरपेक्षा अधिक.

ही अंतरे प्रमाणात कापलेल्या कागदी पट्ट्यांनी नकाशावर मांडावीत. २३ मीटरची चूक रुळांच्या यार्डातच पडते. १२० मीटरची चूक यार्डाबाहेर सयाजीगंजच्या वस्तीत पडू शकते. याचा अर्थ दुहेरी आहे आणि अहवालात दोन्ही बाजू लिहाव्यात: रेल्वेचे नुकसान टळते, पण जवळच्या घरांचा धोका वाढू शकतो. लष्करी लक्ष्याचे संरक्षण आणि नागरिकांचे संरक्षण या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकाच दिशेने जातात असे नाही, आणि बलूनच्या कौतुकात हे बहुधा राहून जाते.

सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचा विचार वेगळा करावा. युंकर्स ८७ चा सगळा नेम अगदी खाली येऊन बॉम्ब सोडण्यावर आधारलेला होता. बलूनच्या तारांमध्ये असा सूर मारणे आणि मग त्याच तारांतून वर निघणे म्हणजे एका फेरीत दोनदा धोका पत्करणे. अशा विमानासाठी आधीचा गुणाकार जाताना आणि येताना असा दोन्ही वेळा करावा.

बलून एकटा काहीच करत नाही

वर ढकललेल्या विमानाला तेथे कोणी तरी गाठले पाहिजे. जड विमानविरोधी तोफा अगदी खालून झपकन जाणाऱ्या विमानावर वेळेत वळवता येत नाहीत. तेच विमान ५,००० फुटांवर गेले की नेम धरण्यास आणि गोळ्याचा फ्यूज लावण्यास वेळ मिळतो. म्हणून नकाशावर तोफांच्या जागाही दाखवाव्यात, नाहीतर बलूनच्या वाट्याचे आणि तोफांच्या वाट्याचे श्रेय एकमेकांत मिसळते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीचे कोव्हेंट्री हे याचे कठोर उदाहरण आहे. शहरावर बलून होते, तोफाही होत्या. जर्मन विमाने रेडिओ-किरणांच्या मार्गदर्शनाने बलूनच्या वरून आली आणि शहराचा मध्यभाग जळाला. ज्या हल्लेखोराला पूल किंवा एखादी इमारत नव्हे तर संपूर्ण शहरच लक्ष्य म्हणून पुरते, त्याच्याकडून बलून फारसे काही हिरावून घेऊ शकत नाही. आपल्या सरावात जंक्शनऐवजी मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंतची वस्ती लक्ष्य धरून पाहावे. १२० मीटरच्या चुकीला मग काही अर्थच उरत नाही.

या वरच्या थराशी बडोद्याचा खरा संबंध आला होता, आणि तो या अभ्यासात आवर्जून नोंदवावा. ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी मे १९४१ मध्ये उभी राहिली आणि संस्थानच्या देणगीमुळे ती ‘बडोदा’ तुकडी म्हणून ओळखली गेली. तिच्याकडे स्पिटफायर विमाने होती, आणि पुढे खास अतिउंचीवर लढण्यासाठी बनवलेले त्याचे प्रकारही तिने वापरले. म्हणजे बलून जेथे संपतो त्याच्या कितीतरी वर, ज्या कामासाठी बलून मुळातच नव्हता, तेथे बडोद्याचे नाव होते. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत संस्थानच्या काळाच्या गोष्टी अजून निघतात, पण ही तुकडी त्यांत क्वचितच येते.

शत्रूचे उत्तरही हिशेबात धरावे

उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यातले दुचाकीस्वार मांजापासून गळा वाचवण्यासाठी हँडलवर तारेची कमान लावतात. जर्मनांनी हाइन्केलच्या काही विमानांच्या नाकापासून पंखांच्या टोकांपर्यंत तशीच भक्कम चौकट बसवली, म्हणजे तार घसरत बाजूला जावी. तिच्या वजनाने विमान इतके मंद आणि जड झाले की ही कल्पना फार काळ टिकली नाही. दोस्तांच्या बॉम्बफेकी विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेतही तार तोडणाऱ्या छोट्या कातरी असत. दुसरे उत्तर सोपे होते: बलूनच पाडावेत. ऑगस्ट १९४० च्या अखेरीस मेसरश्मिट विमानांनी डोव्हरवरचे बलून गोळ्या झाडून जाळले. पण त्यासाठी लढाऊ विमानांना तोफांच्या टापूत यावे लागले, आणि नवा बलून वर चढवता येत होता.

खर्चाच्या बाजूला काय लिहावे

पहिली नोंद आपल्याच विमानांची. तार मित्र ओळखत नाही, आणि ब्रिटनमध्ये स्वतःची विमानेही तारांना धडकून पडली. बडोद्याच्या नकाशावर हरणीच्या विमानतळाची चढण्या-उतरण्याची दिशा रेघेने दाखवावी आणि त्या पट्ट्यातील जागा कमी कराव्यात.

दुसरी नोंद हवेची. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्रीच्या वादळात अनेक बलून तारांसह सुटले आणि उत्तर समुद्र ओलांडून स्कँडिनेव्हियापर्यंत पोहोचले. तेथे त्यांच्या लोंबत्या तारांनी वीजवाहिन्यांत बिघाड केला. या अपघातातूनच ब्रिटिशांना मुद्दाम तारा लोंबवलेले लहान फुगे जर्मनीकडे सोडण्याची कल्पना सुचली, आणि १९४२ ते १९४४ या काळात असे ९९ हजारांहून अधिक फुगे सोडले गेले. १२ जुलै १९४२ रोजी अशाच एका तारेमुळे लाइपझिगजवळच्या ब्योलेन येथील वीजकेंद्राची मोठी हानी झाली. बडोद्यात जूनच्या पहिल्या वळिवाच्या वाऱ्यात आणि विजांच्या कडकडाटात बलून वर ठेवणे शक्य नाही. उंच तार म्हणजे विजेला दिलेला मार्गच. त्यामुळे पावसाळ्यातील संरक्षणाचे तास वेगळे काढावेत, आणि ते तुटपुंजे निघतील याची तयारी ठेवावी.

तिसरी नोंद मनुष्यबळाची. दर बलूनमागे दिवसरात्र तुकडी लागे. १९४१ पासून ब्रिटनमधील कित्येक ठिकाणे हवाई दलाच्या महिला शाखेने चालवली, आणि वादळात फडफडणारा बलून ओढून जखडण्याचे काम त्यांनी केले. हायड्रोजनचे भरणे, शुद्धता तपासणे, ठिणगी टाळणे हे रोजचेच होते, कारण हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळलेला हायड्रोजन पेट घेऊ शकतो.

वैमानिक नसेल तेव्हा पद्धत बदलावी

आतापर्यंतचा युक्तिवाद वैमानिकाच्या भीतीवर उभा होता. जून १९४४ मध्ये इंग्लंडवर व्ही-१ हे उडते बॉम्ब येऊ लागले, ते ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने आणि बहुधा ६०० ते ९०० मीटर उंचीवरून, आणि त्यांत घाबरणारे कोणी नव्हते. अशा वेळी ‘शत्रूने काय सोडले’ हा प्रश्न बाद होतो आणि पडलेल्यांची संख्या हेच योग्य माप ठरते. व्ही-१ चे पंख सव्वापाच ते साडेपाच मीटरचे होते; आपल्या २० तारांच्या वर्तुळात त्याच्यासाठी गुणाकार ०.०४५ येतो, म्हणजे शंभरातले पंचाण्णव सुखरूप पार होतील. हे जाणूनच लंडनच्या आग्नेयेला, नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांवर, पुढे दोन हजारांच्या घरात गेलेल्या बलूनांचा खोल पट्टा उभारला गेला. तोफा, लढाऊ विमाने आणि बलून यांनी मिळून सुमारे ४,००० व्ही-१ पाडले. त्यांत बलूनांचा वाटा सुमारे २३० होता. हा आकडा एकटा वाचला तर लहान वाटतो. पण हा पट्टा सर्वांत मागे होता, आणि तोफांच्या व विमानांच्या हातून निसटलेलेच बॉम्ब त्याच्यापर्यंत पोहोचत होते. तेव्हा टक्केवारी एकूण पडलेल्यांशी न काढता पट्ट्यापर्यंत आलेल्यांशी काढावी.

आजच्या ड्रोनबद्दल कोणी विचारले तर हीच रीत लावावी. अडीच मीटर पंखांच्या ड्रोनसाठी त्याच वर्तुळात उत्तर ०.०२ येते, आणि सुट्या तारांचा विचार तेथेच सोडावा लागतो. मग पहिल्या महायुद्धातील लंडनची रचना पाहावी: सुमारे ५०० यार्डांच्या अंतराने उडवलेले बलून आडव्या तारेने जोडून त्या तारेवरून दर २५ यार्डांवर एक हजार फूट लांबीच्या पोलादी तारा खाली सोडत. २३.७ मीटर पंखांच्या गोथा विमानाला अशा पडद्यातून स्पर्शाशिवाय जाणे जवळपास अशक्य होते, तरी फेब्रुवारी १९१८ मध्ये एक महाकाय जर्मन विमान त्यात अडकूनही सुटून परतले. त्याच पडद्यातून जाणाऱ्या अडीच मीटरच्या ड्रोनला तार लागण्याची शक्यता अडीच भागिले तेवीस, म्हणजे सुमारे ११ टक्के येते. निम्म्या ड्रोनना अडवायचे तर तारा पाच मीटरवर आणाव्या लागतील, आणि तेवढ्या तारांचे वजन उन्हाळ्यातील ५८० किलोंच्या उचलशक्तीत बसते का, हा हिशेब वाचकाने आपल्या तारेचे दर मीटरचे वजन घालून करावा.